नांदेड ते लातूर : आत्याचा आवाज आणि घरचा संगणक

पौष पौर्णिमेला नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर तालुक्यात, दाभडच्या बावरीनगर महाविहारात धम्म परिषद भरते. पांढरी वस्त्रे नेसलेले उपासक-उपासिका एसटी, टेम्पो, ट्रॅक्टर, मिळेल त्या वाहनाने येतात. यंदा आम्ही घरचे सर्वजण गेलो होतो. मंडपाच्या कडेला शिदोरी सोडून बसलो, तर पाठीमागे एक म्हातारी बाई नातवंडाला मांडीवर घेऊन बाबासाहेबांचा पाळणा गुणगुणत होती. चाल ओळखीची वाटली. माझी लातूरची आत्या हीच चाल म्हणते. शब्द मात्र मी कधी न ऐकलेले होते.

मुलीने झटकन मोबाईल काढून रेकॉर्डिंग सुरू केले. तेवढ्यात कर्ण्यावरून हरवलेल्या मुलाची सूचना सुरू झाली. घरी येऊन ऐकले, तर त्या मुलाने कोणत्या रंगाचा सदरा घातला होता तेही स्पष्ट समजत होते. म्हातारीचा पाळणा मात्र त्यात बुडून गेला होता. ती बाई कुठल्या गावची, हेसुद्धा आम्ही विचारले नव्हते.

त्या रात्री झोप लागली नाही. आत्या एक्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या गळ्यात किती ओव्या आहेत, किती पाळणे आहेत, याची मोजदाद कुणी केलेली नाही. ती लिहायला शिकली नाही. तिने जे जपले ते तोंडीच जपले.

बावरीनगर हे नाव ऐकले की सुत्तनिपातातला बावरी आठवतो. पारायनवग्गात त्याची कथा आहे. हा ब्राह्मण आचार्य कोसलातून दक्षिणेत आला आणि अस्सकांच्या प्रदेशात गोदावरीच्या काठी राहिला. बुद्धाची कीर्ती ऐकून त्याने आपले सोळा शिष्य त्यांच्याकडे पाठविले. त्यांतला पिंगिय वयाने फार थकलेला होता. तो परत आला आणि जे ऐकले ते त्याने बावरीला गाऊन सांगितले. म्हणजे या कथेप्रमाणे आपल्या गोदाकाठी धम्म आला तो पोथीतून नव्हे, एका म्हाताऱ्याच्या आवाजातून. भगवंतांची वचनेसुद्धा राजगृहाच्या पहिल्या संगीतीत आनंदाने म्हणून दाखविली, आणि पुढे कित्येक पिढ्या भिक्खूंनी ती पाठ करून सांभाळली. ती लिहून काढली गेली सिंहलद्वीपात, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात.

आपल्या चळवळीचेही असेच आहे. जलसाकारांनी आणि गायकांनी बाबासाहेबांचा विचार अक्षर न कळणाऱ्या माणसापर्यंत नेला. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) गावोगाव फिरले, वस्तीत मिळेल तिथे मुक्काम करून गायले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज कॅसेटींमुळे घरोघर पोहोचले. खुद्द बाबासाहेबांचा आवाज आज आपण ऐकतो तो मुख्यतः बीबीसीने १९५५ साली घेतलेल्या मुलाखतीतून. एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज हाती राहिला तो इतका थोडा! मग आपल्या आयाबहिणींच्या आवाजाची काय कथा?

तरीही काही ठिकाणी काम झाले आहे. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली काही स्त्रियांच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचा जो मोठा प्रकल्प उभा केला, त्यातले हे काम. ध्वनिमुद्रण बर्नार्ड बेल यांनी केले. या प्रकल्पात महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या, आणि पुढे 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संस्थेने त्या लोकांसमोर आणल्या. माजलगावच्या त्या बायांनी बाबासाहेबांवर आणि बुद्धावर म्हटलेल्या ओव्या आज जगात कुणालाही ऐकता येतात.

त्यांचा आवाज राहिला, कारण कुणीतरी यंत्र घेऊन त्यांच्या दारी गेले. लातूरला आत्याच्या दारी कोण जाणार? आम्हालाच जावे लागणार होते.

पेटी जुळविली ती अशी

मी रेडिओ-टेपच्या दुरुस्तीत आयुष्य काढले आहे. संगणक मात्र मुलीचा विषय. आम्ही दोघांनी वहीत हिशेब मांडला. स्टुडिओ तासाच्या भाड्याने मिळतो, पण आत्याला जिना चढवत नाही आणि घड्याळाकडे पाहून तिला ओवी सुचत नाही. मोबाईलवर ध्वनिमुद्रण होते, वाईटही होत नाही. पण मोबाईल आवाज आपल्या मनाने कमी-जास्त करतो, मधेच फोन येतो, जागा संपली की घरातले कुणीतरी पुसून टाकते, आणि मोबाईल बदलला की सगळेच जाते. आम्हाला घरचे, कायमचे, दुरुस्त करता येईल असे यंत्र हवे होते.

त्यासाठी नवा संगणक लागत नाही. बँका, कचेऱ्या आपले जुने संगणक बदलतात आणि ते बाजारात येतात. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० या प्रणालीचा नियमित पाठिंबा कंपनीने थांबविला. पुढची विंडोज ११ जुन्या यंत्रांवर रीतसर चालत नाही. म्हणून दहा-अकरा वर्षांपूर्वीची चांगली यंत्रेही लोक मोडीत काढू लागले. अशा यंत्रावर लिनक्स ही मोफत प्रणाली उत्तम चालते, आणि ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी हा कार्यक्रमही मोफत मिळतो. ऑडॅसिटी २००० सालापासून लोकांच्या हाती आहे.

आमचा खर्च असा झाला. आय-फाइव्ह प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम असलेली कचेरीतली जुनी पेटी ७,५०० रुपये. २४० जीबीची एसएसडी १,६००. जुना मॉनिटर २,०००. कीबोर्ड-माऊस ५००. ऑडिओ इंटरफेस ४,५००. माईक २,०००. माईकची केबल आणि स्टँड १,०००. हेडफोन १,२००. दोन पेनड्राइव्ह ९००. एकूण २१,२०० रुपये. दुकानागणिक भाव वेगळा असतो, घासाघीस करावी. यातले दहा हजार पत्नीने बचत गटातून उचलले, बाकीचे माझ्या भिशीतले. "टीव्ही बदलायचा होता, तो राहू द्या," असे तीच म्हणाली.

एक ठेच लागली, ती सांगतो. एका दुकानातून घेतलेली रॅम 'तपासलेली आहे' म्हणून दिली होती. घरी यंत्र दर अर्ध्या तासाला बंद पडू लागले. मुलीने रॅम तपासण्याचा मोफत कार्यक्रम रात्रभर लावून ठेवला, तेव्हा दोष सापडला. बदलून मिळाली, पण दोन चकरा झाल्या. जुने सामान घेताना सात दिवसांत बदलून देण्याची गोष्ट पावतीवर लिहून घ्यावी.

इंटरफेस कशाला, असे वाचक विचारतील. संगणकाला माईकचे भोक असतेच. पण आतल्या पंख्याची, विजेच्या चढउताराची कुरकुर त्या भोकातून आवाजात मिसळते. इंटरफेस ही बाहेरची लहान डबी. माईकचा बारीक आवाज ती तिथेच मोठा करते, त्याचे आकडे करते आणि यूएसबी तारेतून संगणकाला देते. तिला तीन टोकांची जाड केबल लागते. त्या केबलीतल्या दोन तारांतून एकच आवाज सुलटा आणि उलटा जातो. वाटेत मिसळलेली भुणभुण दोन्हींत सारखीच असते. पलीकडे उलटा सुलट करून दोन्ही जोडले की आवाज राहतो आणि भुणभुण कटते. साधी युक्ती आहे, पण तिच्यामुळे लांबच्या केबलीतूनही आवाज स्वच्छ येतो.

आकड्यांचे गणितही सोपे आहे. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकू येते. ते टिपायचे तर सेकंदाला त्याच्या दुपटीहून जास्त वेळा आवाज मोजावा लागतो. आम्ही ४८,००० वेळा, २४ बिटमध्ये मोजायचे ठरविले. एका माईकचा असा एक तास सुमारे ५२० एमबी जागा घेतो. म्हणजे २४० जीबीच्या तबकडीत चारशे तास मावतात. आत्याने रोज एक तास गायले तरी वर्ष निघेल.

लातूरची वाट

पेटी वाकळीत गुंडाळली, मॉनिटर दोन उशांमध्ये बांधला आणि नांदेडच्या बसस्थानकावर लातूरची गाडी धरली. नांदेड-लातूर थेट रेल्वेमार्ग नाही, परभणी-परळीकडून वळसा घालावा लागतो. कंडक्टरने गाठोड्याकडे पाहून विचारले, "काय आहे?" मुलगी म्हणाली, "काका, संगणक. आजीची गाणी भरायला चाललो." त्यांनी स्वतः उठून मागच्या बाकाखाली जागा करून दिली.

गोदावरी मागे पडली आणि विष्णुपुरीला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची कमान दिसली. मुलगी पहिल्यांदा कॉलेजात गेली तेव्हा मला म्हणाली होती, "बाबा, नामांतरासाठी आपल्या जिल्ह्यातली माणसे मेली, मग माझ्या प्रमाणपत्रावर बाबासाहेबांचे नाव कसे नाही?" तिला तारखा सांगाव्या लागल्या. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या जळू लागल्या. ४ ऑगस्टला याच जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडला आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला हे नवे विद्यापीठ झाले आणि नांदेड, लातूर, परभणीची महाविद्यालये याच्याकडे आली. ज्या जिल्ह्याने नामांतरासाठी एवढे सोसले, त्याच्या लेकरांच्या पदवीवर दुसरे नाव आले. त्याचा खेद करीत बसू नये. पण हे लेकरांना सांगणारे कुणीतरी घरात हवे.

लोहा गेले. माळाकोळीच्या पुढे रस्ता बालाघाटाच्या माळातून चढतो-उतरतो. अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना अशी गावे आहेत, की जिथून १९७८ साली आपली माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. आमचे घर त्यांतलेच. गावाचे नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेल. मी तेव्हा लहान होतो. आईच्या कडेवरून मागे पाहिलेला उजेड तेवढा आठवतो. वडील नांदेडला आले, हमाली केली. आत्या नवऱ्याबरोबर लातूरला गेली, डाळीच्या मिलमध्ये निवडणीला लागली. भावा-बहिणीची घरे त्या रात्रीने अशी दोन शहरांत वाटली गेली.

लातूर आले की डाळ मिलचा धुरळा आणि सोयाबीनच्या गाड्या दिसतात. गंजगोलाईचा गोल बाजार ओलांडून आम्ही रिक्षा केली. त्या गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. मुलीने आंबेडकर पार्कपाशी रिक्षा थांबवायला सांगितली. वंदन करून पुढे निघालो.

जात्याशिवाय ओवी नाही

"ह्ये काय आणलास रे लेकरा, दुकान घातलास का?" आत्या उंबऱ्यातच म्हणाली.

"आत्या, तुझी गाणी भरून ठेवायची आहेत."

"माझा गळा आता फुटक्या मडक्यावानी झालाय. धा वर्सांआधी कामून आला न्हाईस?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

खोली दहा बाय दहाची, वर पत्रे. पत्र्याच्या खोलीत आवाज आदळून परत येतो. आम्ही तीन भिंतींना दोरी बांधून घरातल्या आणि शेजारच्या वाकळी टांगल्या. जुन्या लुगड्यांच्या जाड वाकळीसारखा आवाज पिणारा पडदा बाजारात हजारो रुपयांना मिळतो. संगणक बाहेरच्या खोलीत ठेवला, म्हणजे त्याचा पंखा ऐकू येणार नाही. माईक तोंडापासून एक वीत दूर, जरा बाजूला धरला. भरतकामाच्या कडीवर पातळ ओढणी ताणून माईकपुढे लावली, म्हणजे 'प', 'फ', 'भ' म्हणताना फुंकर माईकवर आदळत नाही. 'भीम' शब्द असलेल्या गाण्यांना हे फार लागते!

यंत्र लावले, तर हेडफोनमध्ये एकसारखी घुंई. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास फेरे घेते, तिचाच तो आवाज. पेटीला हात लावला तर किंचित झिणझिण्या आल्या. मी ओळखले. मेन बंद करून बोर्ड उघडला, तर अर्थिंगची तार कुणी जोडलेलीच नव्हती, आत वळवून ठेवली होती. ती जोडली, घुंई थांबली. ज्यांना काम येत नाही त्यांनी वायरमन बोलवावा. अर्थिंग ही आवाजासाठी लागतेच, पण जिवासाठी आधी लागते.

आता सगळे तयार झाले, आणि आत्याला एकही ओवी आठवेना.

ती भिंतीला टेकून बसली, दोन शब्द म्हणाली आणि थांबली. "मोकळ्या हातानं कसं म्हणू? हात फिरल्याबगर तोंड फिरत न्हाई." जाते घरात नव्हते. गिरणी आल्यापासून कुणाकडेच नाही. शेवटी गल्लीच्या टोकाला एका घरी जिन्याखाली सापडले. लग्नाच्या हळदीपुरते ते बाहेर काढतात. दोघा पोरांनी उचलून आणले. मी म्हणालो, रिकामेच फिरव, आवाज कमी होईल. तिने माझ्याकडे असे पाहिले, की मी मुकाट्याने मूठभर ज्वारी आणून दिली. "रिकामं जातं फिरवू नये."

जात्याखाली घडी केलेली वाकळ घातली. त्याची खोल घरघर कमी व्हावी म्हणून मुलीने नंतर ऐंशी कंपनांखालचा भाग थोडा उतरविला, पण पूर्ण काढला नाही. ती घरघर म्हणजेच त्या गाण्याचा ताल आहे. जाते फिरू लागले आणि ओव्या येऊ लागल्या. एकीचे शेपूट धरून दुसरी. बुद्धाच्या, रमाईच्या, नागपूरच्या दीक्षेच्या, मिलमधल्या मुकादमाच्या. शेजारच्या दोन बाया येऊन बसल्या आणि झेल घेऊ लागल्या. मधेच गल्लीत नळ आला आणि बादल्यांचा खडखडाट सुरू झाला. एप्रिल २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे पाण्याला कुणी थांबा म्हणत नाही. आम्हीच थांबलो. सगळ्यांनी पाणी भरले आणि पुन्हा बसलो.

१९९४ ची कॅसेट

रात्री आत्याने पत्र्याच्या पेटीतून एक कॅसेट काढली. नामविस्तारानंतर वस्तीत झालेल्या कार्यक्रमाची, साठ मिनिटांची. भूकंपाला चारच महिने झाले होते, तरी माणसे जमली होती. कॅसेट अडकली होती. माझा हा जुना धंदा. स्क्रू काढून आतली फीत दुसऱ्या चांगल्या खोक्यात घातली. सोबत आणलेल्या टेपचे हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसले आणि फीत आवाज चाचपडत वाचते का ते पाहण्यासाठी हेडचा बारीक स्क्रू कानाने जुळविला. ज्या ठिकाणी 'स' आणि 'श' सर्वात स्वच्छ ऐकू येतात, तिथे थांबायचे. टेपची तार इंटरफेसला जोडली. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या आपल्या चालीनेच चालते. तासाच्या कॅसेटला तासच लागतो.

गाण्याआधी एक पुरुषाचा आवाज आला. वर्गणी देणाऱ्यांची नावे वाचत होता. अमक्यांकडून दोन रुपये, तमक्यांकडून पाच रुपये, एका बाईकडून पायली ज्वारी. सर्वांना जयभीम. तो माझ्या वडिलांचा आवाज होता. ते जाऊन एकोणीस वर्षे झाली. घरात त्यांचे तीन फोटो आहेत, आवाज कुठेच नव्हता. माझ्या मुलीने आपल्या आजोबांचा आवाज त्या रात्री पहिल्यांदा ऐकला. शेजारच्या बाया प्रत्येक नावावर मान हलवत होत्या. "ह्यो गेला. ही गेली. हिची सून कोपऱ्यावर ऱ्हाती." ध्वनिमुद्रण करताना मी असली निवेदने नेहमी कापून टाकत आलो. यापुढे कापणार नाही.

पंचनाम्यात नसलेले घर

दुसऱ्या दिवशी पहाटे आत्याने मला उठविले. "एक राहिलंय. पण यंत्र लावू नगंस."

तिने जात्यावर बसून ती ओवी म्हटली. एकामागून एक अकरा कडवी. १९७८ च्या त्या रात्रीची. कुठल्या दिशेने माणसे आली, कुणी दार लावून घेतले, कुणी मागच्या दाराने बाहेर काढले, गाभण शेळी कशी दावणीलाच राहिली. आणि त्यात नावे होती. आग लावणाऱ्यांपैकी दोघांची आणि वाचविणाऱ्या एकाची. सत्तेचाळीस वर्षे तिने ती कुणासमोर म्हटली नव्हती. माझ्या वडिलांसमोरसुद्धा नाही.

मी विचारले, "आत्या, हे भरायचे का?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या दोघातल्या एकाचा नातू हितं दवाखान्यात आहे. मागल्या साली मला धाप लागली, तवा त्यानं रातभर बघितलं. त्या पोराला ही ओवी ऐकवून काय मिळवू? पण आपलं घर पंचनाम्यात आलं न्हाई. साहेब आला तवा आपण गावात नव्हताव. जळालं म्हणून कागद न्हाई. ह्ये म्हणलं न्हाई तर जळालंच न्हाई म्हणतील."

माझी मुलगी म्हणाली, "आजी, दोन करू. एक सगळ्यांसाठी, नावांशिवाय. आणि एक जसंच्या तसं, घरात कुलपात."

आत्याने विचारले, "मोबाईलवर जाईल का ते?"

"नाही जाणार. म्हणूनच तर पेटी आणली."

तेव्हा मला कळले, की घरचे यंत्र का हवे. स्वस्त पडते म्हणून तर हवेच. पण आपला आवाज कुणाच्या हाती द्यायचा, केव्हा द्यायचा, हे गाणाऱ्याने ठरवायचे असेल तर यंत्रही आपल्याच घरचे पाहिजे. कॅसेटच्या काळात कितीतरी गायकांनी एकरकमी बिदागी घेऊन आवाज देऊन टाकला आणि पुढे त्यावर त्यांचा काही हक्क राहिला नाही. ती चूक पुन्हा करण्याचे कारण नाही.

आत्याने दोनदा ओवी म्हटली. एकदा नावांसह, एकदा 'कुणी एक' म्हणून. दुसरीत वाचविणाऱ्याचे नाव मात्र तिने ठेवले. "चांगल्याचं नाव झाकायचं न्हाई," एवढेच म्हणाली. मुलीने बाहेरच्या खोलीतून हात वर करून भरले गेल्याची खूण केली.

वाचकांना विनंती

आम्ही चार दिवसांत नऊ तास भरून आणले. आता प्रत्येक फाईलला गाणारीचे नाव, मूळ गाव, तारीख आणि कुणी काय परवानगी दिली ते लिहिण्याचे काम मुलगी करते आहे. नाव न लिहिलेली फाईल दोन वर्षांनी आपल्यालाच ओळखू येत नाही. सगळ्यांच्या तीन प्रती केल्या आहेत. एक संगणकात, एक आत्याच्या पत्र्याच्या पेटीत, एक दुसऱ्या गावी धाकट्या भावाकडे. घराला आग लागते, पूर येतो, चोरी होते. तिन्ही ठिकाणी एकाच दिवशी होत नाही. कुलपातली ओवी तीनही ठिकाणी पाकिटात बंद आहे. ती केव्हा उघडायची ते आत्याने मुलीला सांगितले आहे, मला नाही.

एकवीस हजार रुपये आपल्यासारख्या कुटुंबाला थोडे नाहीत. पण एका वस्तीला मिळून ते जड नाहीत. जयंतीच्या वर्गणीतून एका रात्रीच्या डीजेसाठी याहून जास्त जातात, हे मी कुणाला दुखवण्यासाठी लिहीत नाही. एक पेटी विहारात ठेवावी. दोन मुलांनी आणि दोन मुलींनी ती शिकून घ्यावी. रविवारी वंदनेनंतर एक म्हातारी किंवा एक म्हातारा बसवावा. गाणे येत नसेल तर बोलू द्यावे. ज्यांच्याकडून एवढेही होत नाही त्यांनी मोबाईलवर सुरुवात करावी, पण कर्णा बंद असेल तेव्हा, आणि आधी नाव-गाव विचारून.

दाभडच्या त्या बाईला मी पुढच्या पौष पौर्णिमेला शोधणार आहे. तिच्या मांडीवरचे नातवंड तोवर चालायला लागलेले असेल. कुणाच्या ओळखीची असेल तर तिला आमचा निरोप सांगावा : पाळणा विसरू नका, आम्ही माईक घेऊन येतो आहोत.

जयभीम.